स्तागेनखालचे माप

वातुगेदे वाडीतल्या कुठल्याही बाईची कंबर रुमियातीला तोंडपाठ होती. लग्नाला, नातवाच्या सुंतेला, ईदला ज्यांनी ज्यांनी तिच्याकडून केबाया शिवून घेतली, त्या साऱ्यांची मापे तिच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होती. केबाया ही अंगासरशी बसणारी, लांब बाह्यांची चोळी. कमरेत ती बोटभर सैल झाली की बाई पोक्त दिसते आणि बोटभर आवळली की पंगतीत टाके उसवतात. रुमियातीच्या हातचे टाके तीस वर्षांत एकदाही उसवले नव्हते. कारण ती माप नेहमी स्तागेनवरून घ्यायची.

स्तागेन म्हणजे वीतभर रुंद आणि दहा-बारा हात लांब असा जाड विणीचा पट्टा. पहिल्या बाळंतपणानंतर चाळीस दिवस तो पोटावर आवळून बांधतात. वातुगेदेच्या जुन्या बायकांपुरते बोलायचे, तर ते चाळीस दिवस कधी संपलेच नाहीत. सकाळी अंघोळ झाली की स्तागेन, रात्री निजताना सैल केलेला स्तागेन. तो नसला की कंबर मोडल्यासारखी वाटते, पोट सांडेल असे वाटते, असे त्या सांगत. प्रोगो नदीच्या अलीकडच्या या वाड्यांत एके काळी घरोघर स्तागेनचे हातमाग होते. आता वातुगेदेत तीन उरले होते, आणि त्यांतला सगळ्यात जुना रुमियातीच्या थोरल्या बहिणीचा, कासिनेमचा.

दोघींमध्ये सात वर्षांचे अंतर. रुमियातीला पहिला मुलगा झाला तेव्हा आई नव्हती, दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. कासिनेम आपल्या मागावरचा ताजा पट्टा घेऊन आली, बहिणीला खांबाला धरून उभे केले आणि स्वतःचा गुडघा तिच्या पाठीला लावून तिने स्तागेन आवळला. "श्वास घेता येतोय का?" तिने विचारले. "नाही," रुमियाती म्हणाली. "मग बरोबर बसलाय," कासिनेम म्हणाली. चौतीस वर्षांत रुमियातीने तो पट्टा अनेकदा बदलला, पण प्रत्येक पट्टा बहिणीच्या मागावरचाच होता.

रुमियातीचा नवरा सार्जियो सायकली दुरुस्त करी. मुलगा शहरात कामाला होता. रुमियाती पंचावन्न वर्षांची झाली तेव्हा वाडीप्रमुखाने तिला बोलावून सांगितले की दर महिन्याला वाडीत मोठ्या माणसांची तपासणी होणार आहे, वजन, उंची, कंबर आणि रक्तदाब. त्यासाठी पाच स्वयंसेविका हव्यात. "कंबर तुमच्याकडे," तो म्हणाला. "टेप तुमच्या गळ्यात जन्मापासूनच आहे."

आरोग्य केंद्रात एक दिवसाचे शिक्षण झाले. परिचारिका वुर्यानी, तिशीची, हसरी पण बोलण्यात नेमकी. तिने एका पुतळ्यावर टेप लावून दाखवली. सगळ्यात खालची बरगडी बोटाने शोधायची, मग खुब्याच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा, दोहोंच्या मधोमध टेप धरायची, आणि माणसाने सहज श्वास सोडला की आकडा वाचायचा. बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषाची नव्वदच्या पुढे गेली की त्यांचा रक्तदाब आधी मोजायचा. यंत्र एकच होते, आणि वुर्यानीला अकरा वाजता पुढच्या वाडीला जायचे असे. म्हणून ही रांग. वेळ उरला तर बाकीचे.

रुमियातीने हे सगळे ऐकले, पण सुईवाल्याने दोऱ्याची गोष्ट ऐकावी तसे. तीस वर्षे जी टेप धरते तिला टेप कशी धरायची ते काय सांगायचे.

पहिल्या तपासणीला वाडीप्रमुखाच्या ओसरीवर चटया अंथरल्या होत्या. तळलेल्या तेंपेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचे, ताट होते, साखरेचा पाक म्हणावा असा चहा होता, आणि पन्नाशीपुढच्या बेचाळीस बायका होत्या. रुमियातीला सारी वाडी बू रुम, म्हणजे रुमबाई, म्हणे. तिच्या टेबलासमोर रांग लागली तशी म्हातारी साकियेम म्हणाली, "बू रुम, पुन्हा कशाला मोजतेस? ईदची केबाया तूच शिवलीस ना? त्या वहीतनं उतर."

"खरंच की," मागची म्हणाली. "उगीच सगळ्यांसमोर पोटाला टेप."

रुमियातीलाही ते पटले. वही पिशवीत होतीच. बायका पुढे येत, ती चेहरा बघे, पान उलटी आणि तक्त्यात आकडा लिही. ज्यांचे माप दहा वर्षांहून जुने होते त्यांना तिने मोजले, हात वर करायला लावून, टेप अदबीने स्तागेनवरून फिरवून. दहा वाजायच्या आत काम संपले. ऐंशीच्या पुढे सातच जणी निघाल्या. त्या दाबाच्या रांगेत गेल्या, बाकीच्या चहा पिऊन घरी.

वर्षभर असेच चालले. वर्षाच्या शेवटी गावच्या कचेरीत सभा झाली आणि सगळ्या वाड्यांत वातुगेदेच्या बायकांची कंबर सर्वांत बारीक ठरली. बक्षीस म्हणून भिंतीवरचे घड्याळ मिळाले. रुमियातीने ते दोन्ही हातांनी घेतले. घरी येताना सार्जियो म्हणाला, "पण ताट तर दर वेळी रिकामं होतं. ते तेंपे जातं कुठं?"

"तुमच्या पोटात," रुमियाती म्हणाली.

पुढच्या महिन्यात तपासणी उरकल्यावर वुर्यानी थांबली. तिने पिशवीतून एक कागद काढला.

"बू रुम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की, म्बाक." वयाने लहान असली तरी वुर्यानीला सगळ्या मानाने म्बाक, म्हणजे ताई, म्हणत.

"केंद्रात दाबाच्या गोळ्या घ्यायला ज्या बायका येतात, त्या मी वाडीवार मोजल्या. तुमच्या वाडीच्या चौदा आहेत. सगळ्यांत जास्त. आणि त्या चौदांपैकी बारा जणींची कंबर तुमच्या तक्त्यात ऐंशीच्या आत आहे."

"बारीक बाईला दाब नसतो का?"

"असतो. बारीक बाईलाही असतो आणि जाड बाईला नसूही शकतो. एकेकीचं काही सांगता येत नाही. पण शंभर जणी घेतल्या की कंबर वाढते तसा दाब वाढलेला दिसतो. नदीपलीकडच्या वाडीत दिसतो, देवळाजवळच्या वाडीत दिसतो. फक्त तुमच्याकडे दिसत नाही."

"आमच्या वाडीच्या बायका वेगळ्या असतील."

"त्याच नदीचं पाणी, तोच भात, तीच खारवलेली मासळी. वेगळ्या कशा असतील, बू?"

रुमियातीने टेप गुंडाळली आणि कपाटात ठेवावी तशी ओठांची घडी घातली. त्या दिवशी ती वुर्यानीला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेली नाही. पोरीचे वय केवढे, आणि माझी मापे तपासते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बू पोनिराह पडली.

पोनिराह रुमियातीच्या घरामागे राही. अठ्ठावन्न वर्षांची, चालायला चपळ, बाजारात केळीच्या पानांच्या मोळ्या विकायची. सकाळी मोळी उचलताना तिचा उजवा हात गळून पडला आणि तोंड वाकडे झाले. मोठ्या दवाखान्यात बारा दिवस काढून तिला घरी आणले तेव्हा तिला बोलता येत नव्हते. सून दोन लेकरांची आई, तिला एकटीला सासूला अंघोळ घालणे झेपेना. रुमियाती मदतीला गेली.

कोमट पाण्यात फडके बुडवून दोघींनी तिला कुशीवर वळवले. दवाखान्यात स्तागेन काढून टाकला होता. रुमियातीने शेजारणीला चाळीस वर्षे पाहिले होते, पण स्तागेनवाचून आजच पाहत होती. ते पोट सैल, मोठे, कुशीवरून चटईवर ओघळलेले. हातपाय मात्र काटक्यांसारखे. रुमियातीचा फडक्याचा हात थांबला.

टेप गळ्यातच होती. तिने बरगडी शोधली, खुब्याचे हाड शोधले. निजलेल्या माणसाचे माप तंतोतंत येत नाही हे तिला कळत होते, तरी तिने टेप पाठीखालून सरकवली. एक्क्याण्णव.

"काय झालं, बू रुम?" सुनेने विचारले. "आता काय शिवायचंय?"

"काही नाही. पाणी बदलून आण."

घरी जाऊन तिने वही उघडली. पोनिराह, पाच वर्षांपूर्वी, धाकट्या लेकाच्या लग्नाला: सत्त्याहत्तर. पहिल्या दिवसापासून तपासणीच्या तक्त्यात तिने स्वतःच्या वळणदार अक्षरात तेरा वेळा सत्त्याहत्तर लिहिले होते. आणि तेराही वेळा पोनिराह दाबाच्या यंत्रापाशी न जाता चहा पिऊन घरी गेली होती.

रुमियातीने दार लोटले, आरशापुढे उभी राहिली आणि स्वतःचा स्तागेन सोडला. अठ्ठ्याऐंशी. तिने टेप पुन्हा लावली. टेप पुन्हा तेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सार्जियोच्या मोटरसायकलवर मागे बसून आरोग्य केंद्रात गेली. मांडीवर वही होती आणि पिशवीत ते भिंतीवरचे घड्याळ.

"म्बाक वुर्यानी," ती म्हणाली, "माझी सगळी मापं खोटी आहेत. मुद्दाम नाही केली. पण खोटी आहेत." तिने वही उघडून दाखवली. स्तागेनचे सांगितले, साकियेमच्या सूचनेचे सांगितले, पोनिराहचे एक्क्याण्णव सांगितले. वुर्यानीने सगळे लिहून घेतले. मग तिने रुमियातीलाच खुर्चीवर बसवले, पाच मिनिटे गप्प बसायला लावले आणि दंडाला पट्टा बांधला. एकशे बावन्न, खाली चौऱ्याण्णव.

"डोकं दुखतं? गरगरतं?"

"काहीच नाही. मी ठणठणीत आहे."

"बहुतेकांचं असंच असतं. म्हणून तर मोजायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू, पण डॉक्टरांना आजच दाखवा."

"पण माझं वजन तर ठीक आहे. तक्त्यात हिरव्या खुणेत आहे."

"वजनकाटा हाडं, मांस, चरबी सगळं एकत्र तोलतो. चरबी पोटात किती साठलीय ते त्याला दिसत नाही. हातपाय बारीक आणि पोट मोठं, अशा बाईला काटा हिरवंच दाखवतो. टेप ते सांगते. नीट लावली तर."

शेवटचे तीन शब्द वुर्यानीने हळूच उच्चारले, तरी रुमियातीला ते लागायचे तिथे लागले.

घड्याळ मात्र कुणी घेईना. कचेरीतला कारकून म्हणाला, "दिलेलं बक्षीस परत घ्यायचा रकाना आमच्याकडे नाही, बू." रुमियातीने ते त्याच्या टेबलावर ठेवले आणि निघून आली.

त्या संध्याकाळी तिने ठरवले. बेचाळीस बायका होत्या. प्रत्येकीला स्तागेनवाचून मोजायचे, आणि कंबर काही का निघेना, प्रत्येकीचा दाब मोजायचा. वुर्यानीने आठवड्यातून एक जास्तीचा दिवस देते म्हणून सांगितले. जागा ठरली रुमियातीच्या शिवणघरातली, जिथे बायका कपडे घालून बघत तो पडद्यामागचा कोपरा. एकेकीने यायचे. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही.

वाडीत खसखस पिकली. नदीवर धुणी धुताना बायका म्हणत, "बू रुमचा पडदा बघितलास का? आत गेलं की पंधरा सेंटिमीटर वाढतात." कुणी म्हणे, "शिवण चालत नाही म्हणून आता पोटं मोजते." रुमियाती एकेकीच्या दारात गेली. तिने कुणाला शिकवले नाही. ती म्हणे, "मी चुकले. तुझं माप मी खोटं लिहिलं. मला ते खरं करायचंय." आणि समोर उभी राहून आधी स्वतःचा आकडा सांगे. आपल्यापेक्षा दुसरीचे पोट मोठे निघाले की माणूस जरा मोकळे होते. पहिल्या आठवड्यात नऊ जणी आल्या, दुसऱ्यात चौदा. आलेल्या तेवीस जणींपैकी ऐंशीच्या पुढे सतरा होत्या. त्यांतल्या आठ जणींचा दाब वुर्यानीने दोनदा, तीनदा मोजून केंद्रात पाठवला.

कासिनेम आली नाही.

कासिनेम दिसायला सडसडीत. उंची एकशे अठ्ठेचाळीस, वजन पन्नास, पाठ ताठ. सगळी वाडी तिला मान देई. गेले काही महिने तिची मान आखडत होती. वारा शिरलाय म्हणायची आणि सुनेकडून तेल लावून नाण्याने पाठ घासून घ्यायची. पाठीवर तांबडे पट्टे उमटले की तिला बरे वाटे. थोरल्या बहिणीला रुमियाती म्बाक्यू म्हणे.

"म्बाक्यू, तू कधी येणार?" तिने विचारले.

"मोजायचं तर इथंच मोज, वरून. तीस वर्षं वरूनच मोजलंस ना? तेव्हा माझी कंबर खोटी नव्हती."

"तेव्हा मी केबाया शिवत होते."

"मग आताही शीव. बेसार महिन्यात नातवाचं लग्न आहे. हिरवं कापड आणलंय. घे माप." कासिनेमने हात वर केले.

रुमियातीने टेप गळ्यातून काढली नाही. "स्तागेन सोड. मग घेते."

"वेडी आहेस का? केबाया स्तागेनवर घालतात."

"ते मलाही कळतं. केबायाचं माप वरून घेईन. पण आधी आतलं घेईन, आणि मग तू यंत्रापाशी बसशील. नाहीतर मी कात्री लावणार नाही."

"नको लावूस. बाजारातल्या शिंप्याकडे जाईन."

"जा. तो पुरुष आहे."

कासिनेमने हात खाली घेतले. "सत्तावीस पोरींची बाळंतपणं मी बांधलीत या वाडीत, तुझंसुद्धा. माझा स्तागेन आता सोडतील तो मेल्यावर मला धुवायला येणाऱ्या बायकाच. झाकली मूठ आहे ती झाकलेली राहू दे, रुमी."

हिरवे कापड तिने पुन्हा कपाटात ठेवले. बहिणींचे बोलणे बंद झाले. कासिनेमचा मुलगा मावशीला, त्याच्या लिक रुमला, वाटेत भेटला तेव्हा अजिजीने म्हणाला, "लिक रुम, लग्न तोंडावर आलंय. आई दुसऱ्याच्या हातची केबाया घालायची नाही आणि तुम्ही शिवायच्या नाही. आम्ही काय करायचं?"

"तुझ्या आईला विचार," रुमियाती म्हणाली. "मी लग्नातल्या तिच्या केबायाचा विचार करत नाहीये. ती लग्नाला उभी असेल का, त्याचा करतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुरपायचे, हातशिलाईचे काम घेऊन कासिनेमच्या मागघरात जाऊन बसली. कासिनेमने वर पाहिले नाही. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, फणी दोनदा ठोकायची, पुन्हा धोटा. रुमियातीने एक गळा दुरपला आणि संध्याकाळी उठून घरी गेली. तिसऱ्या दिवशी कासिनेम धोट्याकडे बघतच म्हणाली, "तुला घर नाही का गं?"

"आहे."

"नवरा?"

"तोही आहे. तो म्हणाला, जा, तू नसलीस की घरात शांतता असते."

कासिनेमच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि धोटा पुन्हा सुरू झाला. पाचव्या दिवशी तिने सुनेला दोन चहा आणायला सांगितले. सातव्या दिवशी पाठ घासायला नाणे आणि तेलाची वाटी आली. सुनेचे मूल रडायला लागले म्हणून ती गेली, आणि वाटी बहिणींच्या मध्ये राहिली.

रुमियातीने वाटी उचलली नाही. "आईचं वय किती होतं गं, ती गेली तेव्हा?" तिने विचारले.

धोटा मध्येच थांबला.

"त्रेसष्ट," कासिनेम म्हणाली. मग म्हणाली, "आणि मला बेसारमध्ये चौसष्टावं लागतं. मला मोजता येतं, रुमी. तुझ्या टेपेवाचून येतं."

रुमियातीने हातातले काम खाली ठेवले.

"याच मागावर होती ती. सकाळी जेवली, चार वीत विणलं आणि पुढे वाकली. मला वाटलं दोरा तुटला म्हणून वाकली. तुझ्या त्या यंत्रानं मला आकडा सांगितला, तर मी इथं बसू कशी? दर वेळी धोटा टाकताना वाटेल, आता. आता. नाही कळलं तर निदान विणते तरी."

"त्या महिन्यात तिची मान आखडली होती," रुमियाती म्हणाली. "मी तेल लावलं, तू नाणं घासलंस. आठवतं तुला? तांबडे पट्टे उठले तेव्हा तू म्हणालीस, वारा बाहेर पडला. आपण दोघींनी आपल्याला जे येत होतं ते केलं. तिला कुणी मोजलं नव्हतं, म्बाक्यू. मोजणारं कुणी नव्हतंच. तुला आहे. पोनिराहला पण होतं. मीच होते, आणि मी वहीतून उतरून काढलं. मला दुसऱ्यांदा तेच करायला लावू नको."

बाहेर कोंबड्या कुणीतरी हाकलत होते. कासिनेमने धोटा बाजूला ठेवला आणि मागाच्या खांबाला हात लावून उठली.

"दार लाव," ती म्हणाली. "कडी घाल."

तिने चोळी वर सारली, खोचलेले टोक काढले आणि स्तागेन उलगडू लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा. रुमियाती सुटलेला पट्टा हातावर गुंडाळत गेली. कापड अंगाच्या उबेने गरम होते. शेवटचा वेढा सुटला तेव्हा कासिनेम एकदम खांबाला बिलगली. "धर मला. पाठ जातेय."

"धरलंय."

कातडीवर विणीच्या आडव्या रेघा उमटलेल्या होत्या, दोऱ्यान् दोरा मोजता आला असता. रुमियातीने बरगडी शोधली, हाड शोधले, टेप मधोमध आणली. "श्वास सोड. ओढू नको आत. सोड."

"किती?"

"नव्वद."

"वहीत?"

"अठ्ठ्याहत्तर."

कासिनेमने सुटलेल्या पट्ट्याकडे पाहिले. "म्हणजे बारा माझ्या विणीचे," ती म्हणाली. "काम चांगलं करते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वुर्यानी येणार होती. रुमियाती बहिणीला घ्यायला गेली तेव्हा कासिनेम अंगणात तयार उभी होती. स्तागेन बांधलेला नव्हता. वरून मोठी ओढणी घेतली होती.

"बांध की," रुमियाती म्हणाली. "तिथं जाऊन सोडता येईल."

"बांधला की पुन्हा सोडायची नाही मी. मला मी ओळखते. चल."

वाडीची गल्ली दोनशे पावलांची. कासिनेम एका हाताने ओढणी आणि दुसऱ्या हाताने रुमियातीचा दंड धरून चालली, पाऊल जपून टाकत, ओल्या बांधावरून चालावे तशी. साकियेम दारात तांदूळ पाखडत होती. तिचे सूप थांबले. कासिनेमने मान वळवली नाही. "बघून घे," ती म्हणाली, "आणि मग तूही ये."

वुर्यानीने तिला पाच मिनिटे पाठ टेकून बसवले, पाय जमिनीवर, दंड टेबलावर, आणि बोलू दिले नाही. यंत्र फुगले, सुटले. एकशे ब्याऐंशी, खाली एकशे चार. थोड्या वेळाने पुन्हा. एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे दोन. वुर्यानीने आकडा लपवला नाही, आणि चेहराही बदलला नाही. कासिनेमला ती म्बाह, म्हणजे आजी, म्हणे.

"आजच डॉक्टरांकडे जायचं, म्बाह. आत्ताच. हात जड वाटतो का? बोलताना अडखळायला होतं? दिसायला अंधुक?"

"नाही. मान तेवढी."

"बरं. वेळेवर आलात."

"लग्न एकोणीस दिवसांवर आहे," कासिनेम म्हणाली. "उभी राहीन का ते सांग. खोटं नको सांगूस. या घरात खोटं पुष्कळ झालं."

"पैज लावून सांगता येणार नाही," वुर्यानी म्हणाली. "पण गोळी एक दिवसही न चुकवता घेतलीत, मासळी आणि मीठ कमी केलंत, आणि मी बोलावीन तेव्हा आलात, तर कालच्यापेक्षा आज तुमची बाजू भक्कम आहे. नुसत्या कमरेवर गोळी नाही, म्बाह. दाब मोजत राहायचा. कंबर हळूहळू उतरवू."

सार्जियोने मोटरसायकल काढली. कासिनेम मागे बसली, आणि सोबतीला त्याच्या पुतण्याच्या गाडीवरून रुमियाती मागोमाग गेली. केंद्रात डॉक्टरांनी तपासले, लघवी तपासायला घेतली, गोळ्या लिहून दिल्या, आठ दिवसांनी बोलावले. औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. कासिनेमने पाकीट उलटसुलट करून पाहिले.

"एवढीशी. रोज?"

"रोज. मीही घेतेय. सकाळी एकत्रच घेऊ, मी येईन तुझ्याकडे."

"म्हणजे तू आता रोजच येणार."

"रोजच."

कासिनेमने पाकीट मुठीत धरले. "किती जणी राहिल्यात अजून मोजायच्या?"

"अठरा. उद्या साकियेमकडे जाते. ती आतून कडी घालून घेईल."

"मग?"

"मग दाराशी बसेन. दुरपायचं काम पुष्कळ आहे."

कासिनेमने पाकिटातून एक गोळी काढली, जिभेवर ठेवली, नळाचे पाणी ओंजळीत घेऊन प्याली आणि तोंड वाकडे केले. मग ओढणी सावरली.

"सार्जियोला म्हणावं गाडी सुरू कर," ती म्हणाली. "दोन हात कापड मागावर तसंच आहे. आणि तू दुपारी टेप घेऊन ये, हिरवं कापड काढून ठेवते."